नगरपरिषद : ठराव आणि तिजोरी

प्रास्ताविक

व्यावहारिक मराठीच्या अभ्यासात आपण अर्ज, निवेदन, इतिवृत्त आणि अहवाल या लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. हे सर्व प्रकार एकाच ठिकाणी, प्रत्यक्ष वापरात पाहायचे असतील तर आपल्या शहरातील नगरपरिषदेइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. तेथील कागद मराठीत असतात. २०२२ च्या महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरणे (राजभाषा) अधिनियमाने तसे बंधनही घातले आहे. परंतु कागद मराठीत आहे म्हणून तो मराठी वाचकाला कळतोच, असे मात्र नाही.

एक साधे वाक्य घेऊ. ‘आमच्या गल्लीतील रस्ता मंजूर झाला आहे.’ हे वाक्य नगरसेवक सांगतात, वृत्तपत्रे छापतात आणि नागरिक वर्षानुवर्षे ऐकतात. ‘मंजूर’ या शब्दाने येथे निदान तीन वेगवेगळ्या अवस्था सुचवल्या जातात : परिषदेने ठराव केला, किंवा सक्षम अधिकाऱ्याने प्रशासकीय मान्यता दिली, किंवा कामासाठी पैसा प्रत्यक्ष उपलब्ध झाला. पहिली अवस्था एका दुपारच्या सभेत साध्य होते. तिसरीसाठी कित्येकदा परिषदेची पाच वर्षांची मुदत अपुरी पडते. बोलण्यात या तिन्ही अवस्थांना एकच शब्द वापरला जात असल्याने अडलेले काम नेमके कोठे अडले आहे, हे विचारणाऱ्याला कळत नाही. ते कळावे यासाठी नगरपरिषदेचा अधिकार आणि तिची तिजोरी यांची रचना समजून घेणे आवश्यक आहे.

नाव आणि स्वरूप

बोलताना आपण ‘नगरपालिका’ म्हणतो; कायदा ‘नगरपरिषद’ म्हणतो. हा केवळ शैलीचा भेद नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने (ती १ जून १९९३ पासून अमलात आली) संविधानात नगरपालिकांविषयीचा स्वतंत्र भाग समाविष्ट झाला. तेथे ‘नगरपालिका’ ही व्यापक संज्ञा असून तिच्या पोटात तीन प्रकार येतात : ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमण करणाऱ्या गावासाठी नगरपंचायत, लहान शहरासाठी नगरपरिषद आणि मोठ्या शहरासाठी महानगरपालिका. महाराष्ट्रात पहिल्या दोन प्रकारांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्या एक लाखाहून अधिक असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत असेल तर ‘ब’ वर्ग आणि त्याहून कमी असेल तर ‘क’ वर्ग, असे नगरपरिषदांचे वर्गीकरण आहे.

घटनादुरुस्तीबरोबर संविधानाला बारावी अनुसूची जोडण्यात आली. नगररचनेपासून दफनभूमी-स्मशानभूमीपर्यंत १८ विषय तीत आहेत. मात्र हे विषय राज्य विधिमंडळ नगरपालिकांकडे सोपवू ‘शकेल’, अशी त्या तरतुदीची भाषा आहे. सोपवील अशी नाही. शक्यतार्थी क्रियापदाने केवढा फरक पडतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण व्याकरणाच्या वर्गात मी देऊ शकलेलो नाही.

ठरवणारे आणि करणारे

नगरपरिषदेत निर्णयाचा अधिकार आणि अंमलबजावणीचा अधिकार वेगवेगळ्या हातांत आहेत. निर्णय सभागृह घेते : प्रभागांतून निवडून आलेले सदस्य, नगराध्यक्ष, आणि ज्यांना सभेत बोलता येते पण मत देता येत नाही असे नामनिर्देशित, म्हणजे रूढ भाषेत ‘स्वीकृत’ सदस्य. सभागृहाच्या मदतीला स्थायी समिती व विषय समित्या असतात. अंमलबजावणी मुख्याधिकारी करतात. मुख्याधिकाऱ्यांची नेमणूक व बदली राज्य शासन करते. अर्थात, ज्या सभागृहाचे निर्णय त्यांनी अमलात आणायचे, त्या सभागृहाकडे त्यांची नेमणूक वा बदली करण्याचा अधिकार नाही.

नगराध्यक्षांचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ते स्थिर राहिलेले नाही. नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडावा की सदस्यांनी आपल्यातून, याविषयी राज्याने अनेकदा मत बदलले. २०१६ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्या पक्षाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. तिचे पडसाद सर्वांत आधी सभेच्या विषयपत्रिकेवर उमटतात.

आता ठरावाची भाषा पाहा. पुढील नमुना मी रचलेला आहे, पण कोणत्याही नगरपरिषदेच्या इतिवृत्तात तो शोभून दिसेल.

‘सदर विषयावर सभागृहात चर्चा होऊन, प्रभाग क्रमांक ४ मधील अंतर्गत रस्त्याचे काँक्रिटीकरण करण्याच्या कामास निधी उपलब्धतेनुसार मान्यता देण्यात येत आहे. पुढील कार्यवाही मुख्याधिकारी यांनी करावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’

या नमुन्यात कर्ता कोठे आहे? ‘चर्चा होऊन’ म्हणजे कोणी केली? ‘मान्यता देण्यात येत आहे’ म्हणजे कोण देत आहे? कर्मणी रचनेने कर्ता पुसला आहे. संस्थेचा निर्णय व्यक्तीचा नसतो, म्हणून ही रचना काही अंशी योग्यच होय. मात्र जेथे काम करायचे आहे तेथे कर्ता एकदम प्रकट होतो : ‘मुख्याधिकारी यांनी करावी’. मान्यतेला कर्ता नाही आणि कामाला एकच कर्ता आहे, ही या वाक्यांची घडण कायद्यातील अधिकारविभागणीशी तंतोतंत जुळते.

‘सर्वानुमते’ हा शब्दही जपून वाचावा. इतिवृत्तात कोणाचाही विरोध नोंदवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सभेत सर्वांनी हात वर केले होते, असे तो सांगत नाही. ज्या सदस्याला विरोध करायचा आहे त्याने तो नावानिशी नोंदवून घेतला पाहिजे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याच्या प्रस्तावाला त्यांनी विरोध केला आणि ती रक्कम गरिबांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावी, असे सुचवले. प्रस्ताव मंजूर झाला; विरोधात फुले एकटे होते. ते एकटे होते हे आज आपल्याला सांगता येते, याचे कारण त्यांचे मत ‘सर्वानुमते’ या शब्दात विरून गेले नाही.

आणि नमुन्यातील सर्वांत महत्त्वाचा शब्दसमूह वाक्याच्या पोटात दडलेला आहे : ‘निधी उपलब्धतेनुसार’. व्याकरणदृष्ट्या ते साधे क्रियाविशेषण. अर्थदृष्ट्या संपूर्ण ठरावाला घातलेली अट. तो काढून वाक्य वाचले की रस्ता होणार असे वाटते. तो ठेवून वाचले की रस्ता व्हावा अशी सभागृहाची इच्छा आहे, इतकेच हाती राहते.

ठरावानंतर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि शेवटी ठेकेदाराचे देयक, अशी वाटचाल असते. या वाटेवर जिल्हाधिकारीही उभे असतात. एखाद्या ठरावाच्या अंमलबजावणीमुळे लोकांना अपाय किंवा त्रास होईल, शांततेचा भंग होईल किंवा तो ठराव बेकायदेशीर आहे असे त्यांना वाटले, तर अधिनियमाच्या कलम ३०८ अन्वये ते त्याची अंमलबजावणी तहकूब करू शकतात. ‘तीनशे आठ केले’ असा शब्दप्रयोग नगरपरिषदांच्या परिसरात यावरूनच रूढ झाला आहे.

महाडचा ठराव

ठराव आणि अंमल यांतील अंतराची किंमत किती मोठी असू शकते, हे महाडच्या इतिहासातून दिसते. मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक खर्चाने बांधलेली वा राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांसारखी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुली असावीत. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात अस्पृश्यांना तेथे पाणी भरता आले नाही, आणि ते भरता यावे यासाठी नगरपालिकेनेही काही केले नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नगरपालिकेने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या मान्यतेची अंमलबजावणी लोकांनी स्वतः केली, असे प्रशासनाच्या भाषेत म्हणता येईल. त्यानंतर नगरपालिका हलली, ती उलट दिशेने : ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने १९२४ चा ठराव रद्द केला. तीन वर्षे अमलात न आणलेला ठराव रद्द करायला मात्र सभागृहाला वेळ मिळाला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आंबेडकरांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी.

येथे अडथळा निधीचा नव्हता; तळे खुले करायला पैसा लागत नव्हता. तेव्हा ‘निधी नाही’ हे अंमल न होण्याचे एकमेव कारण असते असे समजू नये. परंतु आज बहुतेक ठराव ज्या कारणाने रेंगाळतात ते कारण तेच असल्यामुळे आता तिजोरीकडे वळू.

स्वतःचे उत्पन्न

नगरपरिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे मालमत्ता कर, लोकांच्या तोंडी घरपट्टी. तो ठरतो असा : इमारत भाड्याने दिली असती तर वर्षाला किती भाडे आले असते, याचा अंदाज करतात, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात, उरलेली रक्कम म्हणजे वार्षिक करयोग्य मूल्य. समजा, एखाद्या घराचे संभाव्य भाडे दरमहा २,००० रुपये आहे. वर्षाचे २४,००० झाले. दहावा भाग वजा जाता करयोग्य मूल्य २१,६०० रुपये. कराचे विविध दर मिळून २० टक्के होतात असे मानले, तर कर ४,३२० रुपये. (दर येथे सोयीसाठी घेतला आहे, तो कायद्याच्या मर्यादेत प्रत्येक परिषद ठरवते.) स्वतःच्या घरात राहणाऱ्याने भाडे कधी घेतलेलेच नसते. म्हणजे त्याची घरपट्टी ‘दिले असते तर आले असते’ या संकेतार्थी वाक्यावर उभी असते.

भाडी वाढतात, बांधकामे वाढतात. म्हणून दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. तिच्या नोटिशींवर ‘चतुर्थ वार्षिक आकारणी’ असे छापलेले सर्रास आढळते. ‘चतुर्थ वार्षिक’ म्हणजे चौथी वार्षिक; अभिप्रेत आहे ते ‘चतुर्वार्षिक’. चूक भाषेची आहे. तिच्यापेक्षा गंभीर चूक अशी की ही आकारणी पुष्कळ ठिकाणी वेळेवर होतच नाही, कारण तिच्यानंतर कर वाढतो आणि कर वाढवणाऱ्या सभागृहाला पुढे निवडणुकीला सामोरे जायचे असते.

कराच्या देयकातील सर्व रक्कम नगरपरिषदेची नसते, हेही लक्षात घ्यावे. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य शासनाचे. नगरपरिषद ते केवळ गोळा करून शासनाकडे भरते. देयकावरील रकाने सुटे वाचले की आपल्या पैशांपैकी गावात किती राहतो ते कळते. आणखी एक शब्द : ‘मागणी’. कर विभागात ‘चालू मागणी’ म्हणजे त्या वर्षी वसूल होणे असलेली रक्कम. नागरिकांची मागणी आणि नागरिकांकडील मागणी यांचा घोळ बातमीत होऊ देऊ नये.

पाणीपट्टीची कथा थोडक्यात सांगता येईल : पाणी उचलण्याच्या विजेचा, शुद्धीकरणाचा आणि दुरुस्तीचा खर्च बहुतेक ठिकाणी पाणीपट्टीतून भागत नाही. गाळ्यांचे भाडे, बाजार फी, विकास शुल्क, परवाना शुल्क ही उर्वरित साधने. काही शहरांना मात्र भूगोलच उत्पन्न देतो. रायगड जिल्ह्यातील माथेरान हे गिरिस्थान पाहा. २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या पाच हजारांहूनही कमी होती. केवळ इतक्या लोकांच्या घरपट्टीवर नगरपरिषद चालवणे अवघड; पण मोटारींना बंदी असलेल्या या गावात शिरताना प्रत्येक पर्यटक नगरपरिषदेला कर देतो. याच जिल्ह्यातील महाडला, किंवा मराठवाड्यातील एखाद्या ‘क’ वर्ग शहराला ही सोय नाही. कायदा एकच, कर्तव्येही तीच, पण तिजोऱ्या भिन्न.

वरून येणारा पैसा

नगरपरिषदांच्या परावलंबनाची कथा एका शब्दाच्या अस्ताशी जोडलेली आहे. तो शब्द ‘जकात’. मूळ अरबी, धर्मदायाशी संबंधित. फारसीतून मराठीत आला तो मालावरील कर या अर्थाने स्थिरावला. शहराच्या वेशीवर जकात नाके असत आणि तेथे रोज रोख रक्कम जमा होई. व्यापाऱ्यांना हा कर जाचक होता, वाहने खोळंबत, नाक्यावर गैरव्यवहारालाही वाव होता. त्यामुळे तो जावा ही मागणी न्याय्यच होती. १९९९ मध्ये राज्याने नगरपरिषद क्षेत्रांतील जकात रद्द केली आणि तिच्या बदल्यात अनुदान देऊ केले.

या अनुदानाला ‘सहायक अनुदान’ म्हणतात. नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांचे वेतन बहुतांशी त्यावर अवलंबून असते. जो मुख्य आहे त्याला ‘सहायक’ म्हणणे हा शासकीय परिभाषेचा एक विनोद मानता येईल. जकात हा नगरपरिषदेचा हक्क होता. ती कमी पडली तर नाक्यावर लक्ष घालता येत असे. अनुदान कमी पडले किंवा उशिरा आले तर पत्रव्यवहार करावा लागतो. ‘वसूल करणे’ या क्रियापदाच्या जागी ‘विनंती करणे’ हे क्रियापद आले.

दुसरा मोठा स्रोत केंद्रीय वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार येणारा निधी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांच्या निधीचे दोन भाग केले : ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित. बंधित भागाचा निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता व घनकचरा व्यवस्थापनासाठी. या पैशातून रस्ता करता येत नाही, मग गल्लीत कितीही चिखल असो. तिसरा स्रोत योजनांचा : नगरोत्थान, अमृत, वैशिष्ट्यपूर्ण कामे, दलित वस्ती सुधारणा इत्यादी. येथे काम कोणते करावे, त्यात परिषदेने स्वतःचा हिस्सा किती घालावा, याच्या अटी योजनेसोबत येतात. निधी कोणी ‘आणला’ याचे फलक मग चौकात लागतात. तिजोरी वरून भरत असल्याने ‘आणणे’ हे क्रियापद स्थानिक राजकारणात सर्वांत प्रतिष्ठेचे झाले आहे.

राज्य वित्त आयोगाची तरतूद संविधानात आहे. राज्याच्या उत्पन्नातील किती वाटा नगरपालिकांना मिळावा हे त्याने सुचवायचे असते. सुचवायचे असते, बंधन घालायचे नसते.

शिलकी अंदाजपत्रक

दरवर्षी एप्रिलपूर्वी वृत्तपत्रांत मथळा येतो : अमुक नगरपरिषदेचे इतक्या लाखांचे शिलकी अंदाजपत्रक मंजूर. वाचकाला वाटते, परिषद सुस्थितीत आहे. वस्तुतः अंदाजपत्रक हे अंदाजांचे पत्रक आहे. आरंभीची शिल्लक, महसुली जमा आणि भांडवली जमा यांची बेरीज करून त्यातून खर्च वजा करतात; जी अखेरची शिल्लक उरते ती मथळ्यात जाते. परंतु भांडवली जमेत अद्याप न आलेली, कधी कधी केवळ मागितलेली, अनुदानेही जमा धरलेली असतात. आरंभीच्या शिलकेतही पुष्कळदा बंधित निधीची अखर्चित रक्कम असते. ती दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. म्हणजे शिल्लक आहे, पण मोकळी नाही.

म्हणून अंदाजपत्रक वाचताना शेवटच्या आकड्यापासून आरंभ करू नये. त्यात मागील वर्षाचा प्रत्यक्ष, चालू वर्षाचा मंजूर व सुधारित आणि पुढील वर्षाचा अपेक्षित असे रकाने शेजारी शेजारी असतात. एकाच शीर्षाखालील ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अपेक्षित’ हे दोन आकडे ताडून पाहावेत. एखाद्या शीर्षात प्रत्यक्ष जमा काही लाखांची आणि अपेक्षित जमा काही कोटींची असेल, तर त्या जमेवर आधारलेली कामे ‘निधी उपलब्धतेनुसार’ या वर्गात मोडतात. त्यानंतर आस्थापना खर्च, वीज देयके आणि कचरा संकलन हे टाळता न येणारे खर्च पाहावेत आणि ते स्वतःच्या महसुली उत्पन्नातून वजा करावेत. जे उरते त्यावरच सभागृहाला खऱ्या अर्थाने ठराव करता येतो. दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखून ठेवायच्या ५ टक्क्यांसारख्या तरतुदी प्रत्यक्षात खर्च झाल्या की नाहीत, हेही त्याच रकान्यांवरून कळते.

सभागृहाशिवाय नगरपरिषद

निवडून आलेल्या परिषदेची मुदत पाच वर्षे, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी, असे संविधान सांगते. महाराष्ट्रातील बहुसंख्य नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस व २०२२ च्या आरंभी संपली; त्यांच्या निवडणुका झाल्या त्या डिसेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात तेथे प्रशासक होते, आणि पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक होते.

त्या काळातील ठरावांची पुस्तके पाहण्याची संधी मिळाली तर सोडू नका. ठरवणारे आणि करणारे यांच्यातील जी विभागणी आपण वर पाहिली, ती तेथे नाहीशी झालेली दिसते : मुख्याधिकारी प्रस्ताव सादर करतात आणि प्रशासक म्हणून तेच त्याला मान्यता देतात. सूचक नाही, अनुमोदक नाही, विरोध नोंदवणारा कोणी नाही. मात्र वाक्यरचना जशीच्या तशी आहे. ‘मान्यता देण्यात येत आहे’ या कर्मणी वाक्याला सभागृह असण्यानसण्याने काहीच बाधा आलेली नाही. नव्या सभागृहांसमोर हे ठराव, त्यांतून निघालेले कार्यादेश आणि द्यावयाची देयके येतात. ‘हे कोणी ठरवले?’ असा प्रश्न एखाद्या सदस्याने सभेत विचारला, तर त्याचे उत्तर इतिवृत्तातील वाक्यात सापडत नाही. ते खालच्या सहीत शोधावे लागते.